महिन्याचा एक शनिवार-रविवार

ताईच्या मुलाच्या घरी फ्रिजच्या दारावर एक मोठं कॅलेंडर लावलेलं आहे. शेजारी दोऱ्याला बांधलेली तीन पेनं. निळं एअरलाइनच्या ड्युटीचं, हिरवं हवाई दलाचं, लाल घरचं. गेल्या ऑक्टोबरात मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या घरी तीन आठवडे राहिले, तेव्हा रोज सकाळी चहा घेता घेता ते कॅलेंडर वाचायचा मला नादच लागला. लाल चौकोन मोजून पाच होते. मुलीचा शाळेतला कार्यक्रम, दाताच्या डॉक्टरांची वेळ, गाडीचं सर्व्हिसिंग, दिवाळी, आणि माझं परतीचं विमान. हिरवे मोजले तेव्हा नऊ भरले. लक्ष्मीपूजनाच्या चौकोनात आधी हिरवं लिहिलेलं होतं. त्यावर रेघ मारून, बाण काढून ते पुढच्या मंगळवारी नेलं होतं, आणि मंगळवारचं निळं त्यापायी गुरुवारी सरकलं होतं. एका सणाची जागा करायला तीन दिवस इकडचे तिकडे झाले होते.

"अरे, महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे, असं म्हणतात ना तुमच्या जाहिरातीत?" मी विचारलं.

"मावशी, ते पोस्टरवरचं. पायलटचं तेवढ्यात काही होत नाही. तेवढ्यात फक्त कागद पुरे होतात."

तो जन्माने अमेरिकन, मराठी घरात शिकलेला, बोलतो सावकाश पण नीट. पोटापाण्यासाठी एका विमान कंपनीत वैमानिक. आणि त्याच्या जोडीला अमेरिकी एअर फोर्स रिझर्व्हमध्ये सी-१७ या मालवाहू विमानाचा वैमानिक, अर्धवेळ. आपल्या हवाई दलाकडेही सी-१७ आहेत, ११, दिल्लीजवळच्या हिंडनला. सुमारे ७७ टन माल पोटात घेऊन हजारएक मीटरच्या धावपट्टीवर उतरू शकणारं हे धूड अर्धवेळ कामावर येणारा माणूस चालवतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. डॉक्टर अर्धवेळ असतो, प्राध्यापक असतो. पण लष्करी वैमानिक? या लेखाचा उगम त्या न बसण्यात आहे.

अमेरिकेत असे वैमानिक दोन घरांत विभागलेले आहेत. एक घर एअर नॅशनल गार्डचं. स्वतंत्र हवाई दलाबरोबरच १९४७ च्या सप्टेंबरात ते उभं राहिलं. एरवी ते राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असतं आणि राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं की केंद्राचं होतं. दुसरं घर एअर फोर्स रिझर्व्हचं, १९४८ चं, पहिल्यापासून थेट केंद्राचं. या दोन्हींत पूर्णवेळ माणसंही असतात, तळ रोज चालू ठेवायला ती लागतातच. पण कणा आहे तो इतर नोकरी-धंदा सांभाळून येणाऱ्यांचा.

त्यांच्या वेळेचं माप चार तासांच्या तुकड्यात असतं. शनिवारी दोन तुकडे, रविवारी दोन. महिन्याला चार, वर्षाला ४८. एका तुकड्याला महिन्याच्या मूळ पगाराचा तिसावा हिस्सा मिळतो, म्हणजे एका शनिवार-रविवारात चार दिवसांचा पगार. शिवाय वर्षाकाठी सुमारे १५ दिवसांची सलग ड्युटी. जाहिरातीतलं गणित इथे संपतं. वैमानिकाचं इथे सुरू होतं. कारण महिन्याच्या त्या शनिवार-रविवारी तळावर सगळेच येतात. मग लसी, दातांची तपासणी, बंदुकीचा सराव, रासायनिक हल्ल्यात मुखवटा कसा चढवायचा याची उजळणी, संगणकावरचे न संपणारे पाठ, कुणाला बढती मिळाली त्याचा समारंभ. विमानं त्या दिवशी कमीच उडतात. म्हणून वैमानिकांसाठी वेगळी सोय आहे, अतिरिक्त उड्डाण-सरावाच्या तुकड्यांची, तेही वर्षाला साधारण तितकेच. हे तुकडे आठवड्याच्या कुठल्याही दिवशी घेता येतात. सगळं धरून महिन्याला सात-आठ दिवस, कधी दहा. भाच्याचे नऊ हिरवे चौकोन असे जमतात.

आणि हे सात-आठ दिवस म्हणजे उड्डाणाचे सात-आठ दिवस नव्हेत. चार तासांच्या उड्डाणाला आदल्या दिवशीचं नियोजन लागतं, दिवसाच्या सुरुवातीला ब्रीफिंग लागतं, आणि उतरल्यावर डीब्रीफिंग. लढाऊ विमानांच्या पथकांत तर सव्वा तासाच्या उड्डाणानंतरचं डीब्रीफिंग कित्येक तास चालतं, एकेका वळणाची चिरफाड होते. त्यात भर म्हणजे बरेच जण तळाच्या गावात राहत नाहीत. दुसऱ्या राज्यातून, बहुधा स्वतःच्या खर्चाने, येतात. उड्डाणाआधी बारा तासांची सक्तीची विश्रांती. ती मोजायची असते, आणि त्या वेळात घरी असलं तरी घरचं माणूस म्हणून उपयोग शून्य.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, करन्सी. इथे त्याचा अर्थ पैसा नव्हे. आपल्याकडचे वैमानिकही म्हणतात, "मी सध्या करंट नाहीये." म्हणजे परवाना आहे, शिक्षण आहे, हजारो तासांचा अनुभव आहे, पण ती विशिष्ट गोष्ट ठरलेल्या मुदतीत केलेली नाही, सबब ती करण्याचा आज अधिकार नाही. नागरी नियम सौम्य आहे. अमेरिकेत प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं झालेली हवीत. लष्करात हे एका नियमावर भागत नाही. अवतरण वेगळं, रात्रीचं वेगळं, रात्री दिसण्याचे चष्मे लावून केलेलं वेगळं, आखूड धावपट्टीवरचं वेगळं. हवेत इंधन घेणं, थव्यात उडणं, मागचा दरवाजा उघडून छत्रीने माल टाकणं या सगळ्याचीही वेगवेगळी खाती. प्रत्येक खात्याची मुदत निराळी, आणि प्रत्येक खातं रोज थोडं थोडं रिकामं होत असतं. मुदत टळली की प्रशिक्षक शेजारी बसवून ते पुन्हा भरायचं. आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. या खात्यांत अर्धवेळ माणसाला सवलत फार थोडी. काही कसरतींची वर्षाची संख्या कमी असेल, पण जी कसरत करायची ती पूर्णवेळ वैमानिकाइतकीच पक्की हवी. अंधाराला समोरच्या माणसाची नोकरी कुठली, हे ठाऊक नसतं.

हवेत इंधन घेण्याचं त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर समजावलं. वर पाण्याचा जग म्हणजे टँकर विमान, खाली माझ्या चहाचा कप म्हणजे सी-१७. "तू मागून, थोडं खालून यायचंस. सावकाश." टँकरच्या शेपटीखालून एक लांब नळी उतरते. तिच्या टोकाशी तुमचं विमान आणून धरायचं, आणि धरून ठेवायचं, दहा-बारा मीटरच्या अंतराने, कित्येक मिनिटं. टँकरच्या पोटाखाली दिव्यांच्या दोन ओळी असतात. पुढे या, मागे जा, वर, खाली. मोठं विमान जवळ आलं की त्याच्यापुढे दाबलेली हवा टँकरची शेपटी उचलू पाहते, म्हणजे तुमच्या येण्यानेच समोरचा हलतो. मी कप धरून होते, त्याने जग किंचित हलवला, आणि माझा कप नकळत दुप्पट हलला. "बघ," तो म्हणाला, "दोन महिने केलं नाही की हात असे होतात. डोक्याला सगळं आठवत असतं. हात विसरतात."

विमान कंपनीत तो महिन्याला कितीतरी तास उडतो. मग तो अनुभव कामी येत नाही का? येतो. ढग, वादळ, गर्दीचे विमानतळ, रेडिओवरची भाषा, इंधनाचा अंदाज, थकलेल्या सहकाऱ्याची पारख. हे सगळं नागरी नोकरीत रोज घोटलं जातं, आणि म्हणूनच रिझर्व्हच्या पथकांत सरासरी अनुभव भरपूर असतो. पण विमान कंपनीतलं सगळं कौशल्य धक्का टाळण्यात आहे. प्रवाशाच्या हातातली कॉफी सांडता कामा नये. तोच माणूस चार दिवसांनी काळोख्या, दिवे नसलेल्या आखूड पट्टीवर हे धूड मुद्दाम जोराने टेकवतो, कारण तिथे हळुवार टेकवलं तर पट्टी संपते. एका हाताला दोन सवयी लावायच्या आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. मला यातलं हे सगळ्यात अवघड वाटलं.

तिथवर पोचण्याचा रस्ता मात्र अजिबात अर्धवेळ नाही. नियमित हवाई दलात भरती होणाऱ्याला कुठलं विमान मिळेल हे शेवटी सेवा ठरवते. गार्ड आणि रिझर्व्हमध्ये बहुतेक वेळा उलट. आधी एखादं पथक तुम्हाला निवडतं, मग शिकायला पाठवतं. उमेदवार स्वतःच्या खर्चाने तळावर जातात, तिथल्या वैमानिकांबरोबर बसतात-उठतात, मग मुलाखत होते. हे लोक वीस-वीस वर्षं एकाच पथकात राहतात, त्यामुळे पारखून घेण्याची पद्धत जवळजवळ सोयरीक जुळवण्यासारखी. उडता येईल का हा प्रश्न असतोच, पण याच्याबरोबर परक्या मुलखात तंबूत चार महिने काढता येतील का, हाही तितकाच वजनाचा. निवड झाली की अधिकारी प्रशिक्षण अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर. मग ओक्लाहोमा, मिसिसिपी किंवा टेक्सासमधल्या एखाद्या तळावर साधारण वर्षभराचं पूर्णवेळ उड्डाण-शिक्षण, टी-६ या पंख्याच्या विमानापासून सुरुवात. छातीवर पंख लागले की त्या त्या विमानाची शाळा. सी-१७ ची ओक्लाहोमात ऑल्टसला. मध्ये शत्रूच्या मुलखात सापडल्यावर तगून कसं राहायचं याचं शिक्षण, वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात. मग पथकात परतून आणखी काही महिने पूर्णवेळ मुरायचं. दोनेक वर्षं अशी जातात आणि त्यानंतर कुठे माणूस 'अर्धवेळ' होतो. पंख लागल्याच्या दिवसापासून दहा वर्षांची बांधिलकी.

ताईला हे सगळं सुरुवातीला छंदवर्गासारखं वाटलं होतं. "शनिवार-रविवारचं काहीतरी विमानाचं आहे म्हणाला. मला वाटलं, आपल्याकडे ट्रेकिंगला जातात तसं."

तिला हसण्यात अर्थ नाही. एके काळी अमेरिकी सैन्यातच एअर गार्डला विमानवाल्यांचा हौशी क्लब समजत. दुसऱ्या महायुद्धाचे अनुभवी वैमानिक, जुनी विमानं, सराव बेताचा. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, गार्डचे सुमारे ४५,००० लोक बोलावले गेले, आणि ही पथकं लगेच लढायच्या लायकीची नाहीत हे उघडं पडलं. त्या नामुष्कीतून शहाणपण आलं. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेवर्डला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसला एक प्रयोग झाला. गार्डच्या वैमानिकांनी लढाऊ विमानं धावपट्टीच्या कडेला सज्ज ठेवून खरोखरीची राखण करायची. फक्त सरावासाठी उडणाऱ्या माणसाला खरं काम दिलं की सरावाची जात बदलते, हे तिथे दिसलं. पुढे १९७० च्या दशकात धोरणच ठरलं की राखीव दल हे अडगळीचं दल नाही. विमानं, परीक्षा, मापं सगळ्यांना एकच. रिझर्व्हने तर १९६८ मध्येच आणखी एक युक्ती सुरू केली होती. विमानं नियमित दलाची, पण त्यावर चालकदल कधी नियमित, कधी राखीव. माझा भाचा अशाच पथकात आहे. विमानाच्या अंगावर कोण चालवतंय याची कुठलीही खूण नसते.

बांधिलकी मोडली तर तीही कागदावर राहते. जॉर्ज डब्ल्यू. बुश तरुणपणी टेक्सास एअर गार्डमध्ये एफ-१०२ हे लढाऊ विमान उडवत. १९६८ साली भरती, रीतसर प्रशिक्षण, ह्यूस्टनजवळच्या एलिंग्टन तळावर नेमणूक. १९७२ च्या एप्रिलनंतर त्यांनी गार्डचं विमान उडवलं नाही, त्या वर्षीची वैद्यकीय तपासणी झाली नाही म्हणून उड्डाणाची परवानगी स्थगित झाली. तीस-बत्तीस वर्षांनी, ते राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी निवडणूक लढवत असताना, त्या जुन्या शनिवार-रविवारांच्या हजेऱ्या देशभर वाचल्या गेल्या.

आणि मग ११ सप्टेंबर २००१. वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या एअर गार्डचं १२१ क्रमांकाचं लढाऊ पथक असतं. पथक नुकतंच नेवाडातल्या मोठ्या सरावावरून परतलं होतं, आणि पथकातले बरेचसे वैमानिक आपापल्या विमान कंपनीच्या नोकरीवर निघून गेले होते. मंगळवार होता, कामाचा दिवस. तळावर जे होते त्यांत लेफ्टनंट कर्नल मार्क सासव्हिल आणि लेफ्टनंट हेदर पेनी. चौथं अपहृत विमान राजधानीच्या दिशेने येतंय असं कळलं तेव्हा त्यांच्या एफ-१६ विमानांवर क्षेपणास्त्रं नव्हती, आणि ती चढवायला वेळ नव्हता. दोघे तसेच उडाले. ठरलं होतं ते इतकंच की सासव्हिल यांनी प्रवासी विमानाच्या कॉकपिटवर आपलं विमान आदळायचं आणि पेनी यांनी शेपटीवर. पेनी यांचे वडील युनायटेड एअरलाइन्समध्ये कॅप्टन होते, आणि ते अपहृत विमान युनायटेडचं होतं. विमानातल्या प्रवाशांनीच अपहरणकर्त्यांवर झडप घातली आणि ते पेनसिल्व्हानियातल्या एका शेतात कोसळलं, म्हणून या दोघांवर ती वेळ आली नाही. हे वाचताना मला सारखं दुसरं चित्र दिसतं. त्याच पथकातले बाकीचे, त्या सकाळी टाय लावून, प्रवाशांना नमस्कार-चमत्कार करत प्रवासी विमानांच्या कॉकपिटमध्ये बसलेले. त्या दिवशी लक्ष्य आणि रक्षक हे एकाच व्यवसायातले, कधी एकाच घरातले लोक होते.

त्या दिवसानंतर 'महिन्यातून एकदा' हे शब्द पुष्कळ वर्षं कुणी उच्चारले नसतील. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने राखीव दलांना सलग दोन वर्षांपर्यंत बोलावता येऊ लागलं. मालवाहू आणि टँकर विमानांच्या पथकांतले वैमानिक वर्ष-वर्ष नागरी नोकरीकडे फिरकले नाहीत.

मग त्या नोकऱ्यांचं काय झालं? माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचा पाया या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि त्याकडे बाहेरच्यांचं लक्ष सगळ्यात कमी जातं. अमेरिकेत १९९४ चा एक कायदा आहे. लष्करी सेवेसाठी गेलेल्या माणसाला मालकाने परत घ्यायलाच हवं, एकूण पाच वर्षांच्या मर्यादेपर्यंत, आणि महिन्याची हजेरी किंवा वार्षिक सराव त्या पाच वर्षांत धरले जात नाहीत. नुसतं परत घेऊन चालत नाही. तो गेलाच नसता तर आज ज्या पायरीवर असता, त्या पायरीवर घ्यायचं. ही कल्पना जुनी आहे. १९४६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तिला सरकत्या जिन्याची उपमा दिली. तुम्ही उतरून गेलात तरी जिना वर जातच राहतो, आणि परतल्यावर तुम्हाला खालच्या पायरीवर उभं करायचं नाही. विमान कंपनीत तर ज्येष्ठता क्रमांक म्हणजे सर्वस्व. कुठलं विमान, कुठलं शहर, कुठल्या सणाला सुट्टी, कॅप्टन कधी होणार, सगळं त्या एका आकड्यावर. हिरवा गणवेश चढवून गेलेल्याचा तो आकडा जागेवर राहतो, म्हणून हे लोक जाऊ शकतात.

कायदा आहे म्हणून कुरबुर नाही असं नाही. महिन्याच्या ड्युट्या लागल्या की भाचा दोन याद्या शेजारी ठेवून बसतो आणि दोन ठिकाणी पत्रं लिहितो. एकीकडे कंपनीचं वेळापत्रक खातं, ज्यांना ऐन वेळी वैमानिक कमी पडतो. दुसरीकडे पथकातला वेळापत्रक अधिकारी, ज्याला मंगळवारी रात्रीच्या टँकरसाठी कोणीतरी हवंच असतं. दोघांचंही बरोबर असतं. मधल्या फटीत जे उरतं ते घराचं. त्याची बायको हे कडवटपणाने सांगत नाही, पण सांगते. "आम्ही भांडलो तर बारा तास मोजून भांडतो, मावशी. त्याच्या झोपेचा वेळ सुरू व्हायच्या आत संपवायचं."

मग लोक हे का करतात? पैशासाठी नक्कीच नाही. कंपनीची एक फेरी सोडली तर रिझर्व्हच्या दिवसात तितके पैसे सुटत नाहीत. काहींसाठी कारण साधं आहे. अमेरिकेत आरोग्यविमा महाग, आणि रिझर्व्हमधून तो स्वस्तात मिळतो. विमान कंपन्यांत मंदी आली की नोकऱ्या जातात, तेव्हा तळावर काम मिळू शकतं. वीस वर्षं पुरी केली तर साठाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन, पण प्रत्येक वर्षी किमान ५० गुण जमले तरच ते वर्ष धरायचं. ही कारणं खरी आहेत. पण नुसत्या कारणांनी माणूस वादळात शिरत नाही.

वादळात शिरतो हे मी शब्दशः म्हणतेय. मिसिसिपी राज्यात बिलॉक्सीला समुद्राकाठी कीसलर नावाचा तळ आहे. तिथलं ५३ क्रमांकाचं हवामान टेहळणी पथक हे एअर फोर्स रिझर्व्हचं, त्यातले पुष्कळ जण अर्धवेळ. त्यांच्याकडे दहा डब्ल्यूसी-१३०जे विमानं आहेत, आणि मुख्य काम, चक्रीवादळाच्या डोळ्यातून आरपार जायचं. एकदा नव्हे, एका फेरीत पुन्हा पुन्हा. चालकदल पाच जणांचं, दोन वैमानिक, एक दिशादर्शक, एक हवामान अधिकारी आणि एक जण मागे बसून छोट्या छत्रीला बांधलेली नळकांडी खाली सोडणारा. ते नळकांडं समुद्रापर्यंत पडताना वाऱ्याचा वेग, दाब, तापमान, आर्द्रता कळवत जातं, आणि ते आकडे मायामीच्या केंद्रात पोचून अंदाजात मिसळतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा हंगाम. एकाच वेळी तीन वादळांवर रात्रंदिवस उडता येईल इतकी तयारी ठेवावी लागते. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ थेट त्यांच्याच किनाऱ्यावर आलं. तळावर पाणी भरलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची घरं गेली. विमानं आधीच दुसरीकडे हलवली होती, तिथून त्यांनी उड्डाणं चालू ठेवली. स्वतःच्या घराचं छप्पर राहिलंय की नाही हे ठाऊक नसलेली माणसं त्याच वादळाची मोजणी करत होती.

३ जून २०२० ला अलिबागजवळ निसर्ग वादळ शिरलं तेव्हा आमच्या श्रीवर्धनच्या नातेवाइकांच्या वाडीतली सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. आपला अंदाज उपग्रह आणि रडारवरून येतो, आणि तो चांगला येतो. पण त्या वादळात कुणीतरी आत जाऊन मोजलं असतं तर, असं मला तेव्हा सुचलंही नव्हतं. असं काम जगात केलं जातं, आणि ते करणाऱ्यांपैकी काही सोमवारी दुसऱ्याच नोकरीवर जातात, हे कुठे माहीत होतं?

वणव्यांवरही हेच लोक उडतात. सी-१३० च्या पोटात टाक्या बसवून तीन हजार गॅलन आगरोधक पाच सेकंदांच्या आत ओतायचं, डोंगरकपारीत, झाडांच्या शेंड्यांवरून. १ जुलै २०१२ ला साउथ डकोटात असं एक विमान अचानक खाली दाबणाऱ्या वाऱ्यात सापडून पडलं. नॉर्थ कॅरोलिना एअर गार्डचे चार जण गेले.

आता घराकडे येते, कारण हे सगळं परक्या देशाचं म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे असं एक दल होतं. मुंबईत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच इंडियन एअर फोर्स व्हॉलंटिअर रिझर्व्हच्या किनारा-रक्षक तुकड्या मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टणमला उभ्या राहिल्या. फ्लाइंग क्लबांत शिकलेले, नागरी विमानं चालवणारे लोक जुन्यापान्या विमानांतून जहाजांच्या काफिल्यांवर नजर ठेवायचे. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५२ मध्ये राखीव आणि सहायक हवाई दलांचा कायदा केला, आणि १९५५ च्या सुमारास सहायक हवाई दलाची पहिली पथकं सुरू झाली. दिल्लीचं ५१, मुंबईचं ५२, मद्रासचं ५३. दशक संपेस्तोवर सात झाली. कचेरीत काम करणारे, धंदा सांभाळणारे लोक फावल्या वेळात येऊन शिकायचे. त्यांच्या हाती असायची हार्वर्ड विमानं. ज्या जातीच्या विमानातून १९४३ मध्ये जोसेफ डकवर्थ हा अमेरिकी वैमानिक टेक्सासच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा मुद्दाम चक्रीवादळात शिरला, तीच ही जात. पुढे काही पथकांना व्हँपायर जेटही मिळाली. १९६२ च्या युद्धानंतर मात्र नियमित हवाई दल झपाट्याने वाढवायचं ठरलं, आणि ही पथकं इतिहासजमा झाली.

आज आपल्याकडे सन्मान आहेत. जे. आर. डी. टाटांना हवाई दलाने मानद हुद्दे दिले, ते एअर व्हाइस मार्शलपर्यंत गेले. सचिन तेंडुलकर २०१० पासून मानद ग्रुप कॅप्टन आहे. त्या सन्मानांबद्दल मला आदरच आहे. प्रादेशिक सेना आहे, तिच्या कायद्यात माणसाला मूळ नोकरीवर परत घेण्याचं कलमही आहे. पण उडणाऱ्या हातांचं काय? हवाई दलातून दरवर्षी तयार वैमानिक निवृत्त होऊन नागरी विमान कंपन्यांत जातात, आणि त्यांच्या हातातलं ते दुसरं कौशल्य, चष्मे लावून काळोखात उतरण्याचं, लडाखच्या विरळ हवेत माल टाकण्याचं, महिन्या-महिन्याने शिळं होत जातं. ते घडवायला देशाने वर्षं आणि कोट्यवधी रुपये खर्च केलेले असतात. मालवाहू विमानांपासून, थोडक्या माणसांपासून, पुन्हा सुरुवात करून पाहायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती विमानांपासून होणार नाही. आधी विमान कंपनी, हवाई दल आणि कायदा यांना एका टेबलावर बसून त्या ज्येष्ठता क्रमांकाचं ठरवावं लागेल. आणि उड्डाणाचे तास कापून स्वस्तात भागवायचं असेल तर मग न केलेलंच बरं. कोरियाने अमेरिकेला जे शिकवलं ते आपल्या मुलांच्या जिवावर पुन्हा शिकायला नको.

हे मी भाच्याला परवा फोनवर वाचून दाखवलं. त्याने एक आकडा दुरुस्त केला. मग म्हणाला, "तू 'फावल्या वेळात' लिहिलंयस ना मुंबईच्या लोकांबद्दल. तो शब्द काढ. त्यांना विचारता आलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं."

मी विचारलं, दहा वर्षं पुढच्या वर्षी संपतात, मग काय करणार?

मागून त्याच्या मुलीचा आवाज आला. ती नव्या महिन्याचं पान लावत होती आणि हिरवं पेन सापडत नव्हतं. "थांब मावशी," तो म्हणाला, "आधी तिला सांगतो. आठ आणि नऊ हिरवं. सोळाला रात्रीचं टँकर. चोवीसला तिचा वाढदिवस, तो तिलाच लिहू दे." मग घड्याळ बघितलं असावं. "आणि मावशी, माझे बारा तास सुरू झालेत. उद्या संध्याकाळी बोलू."

'फावल्या वेळात' मी काढलेलं नाही. ताईला आधी वाचायला देणार आहे.